सीतेची वेणी

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. एकोणपन्नास आणि एकोणसाठमध्ये माझा अजून गोंधळ होतो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या. हा लेख मी इंग्रजी सेक्शनला देऊ शकले असते. पण तो ज्यांच्याबद्दल आहे त्या आजोबांना इंग्रजी येत नाही.

सेकंड इयरची शेवटची व्हायवा संपली आणि मी रूममेटबरोबर तिच्या गावी, आंबोलीला गेले. सावंतवाडीहून एस.टी. घाट चढायला लागली आणि काचेबाहेर नुसतं धुकं. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव. कपडे चार दिवस वाळले नाहीत, मोबाइलला रेंज नाही, आणि जळवांबद्दल तर बोलायलाच नको. मोजा काढला की एक तरी निघायचीच.

तोपर्यंत ऑर्किड म्हणजे मला बुकेतलं जांभळं, प्लॅस्टिकसारखं दिसणारं फूल एवढंच माहीत होतं. आपल्या सह्याद्रीत ऑर्किड रानात उगवतात, त्यांना मराठीत आमरी म्हणतात, हे मला विसाव्या वर्षी कळलं. हिरण्यकेशीच्या रस्त्याला मी एका झाडाकडे बोट दाखवून ऐटीत म्हटलं, "ते बघ, पॅरासाइट!" मागून रूममेटचे आजोबा छत्री टेकत येत होते. म्हणाले, "तां बांडगूळ न्हय गो चेडवा. ह्यां झाडाक खाणा नाय. नुसतां बसता."

नुसतं बसतं! बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस ओढतं. आमरी फक्त सालीला धरून बसते. तिच्या मुळांवर पांढरट, स्पंजसारखं आवरण असतं, ते पावसाचं आणि धुक्याचं पाणी टिपून घेतं. भाडं न देता राहणारा, पण मेसच्या ताटाला हात न लावणारा पाहुणा म्हणा ना.

आजोबांना सीतेची वेणी दाखवायची होती. मेअखेर-जूनमध्ये फुलते. आसाममध्ये हेच फूल बिहू नाचताना मुली केसांत माळतात. दोन दिवस आम्ही जांभळी आणि अंजनी धुंडाळल्या. शोधायचं कसं, तर कोवळं झाड सोडायचं आणि खडबडीत सालीचं जुनं झाड बघायचं. मान दुखून आली. पट्ट्यासारखी जाड पानं खूप दिसली, फूल नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस थोडा थांबला आणि एका वाकड्या जांभळीवर तीन वेण्या लोंबताना दिसल्या. हातभर लांब, पांढरी इवली इवली फुलं दाटीने ओवलेली, प्रत्येकावर गुलाबी-जांभळे ठिपके. मी इतकी वर्षं परीक्षेत 'ब्यूटिफुल' लिहिलं, तिथे मात्र काहीच बोलता आलं नाही. आजोबा म्हणाले, न्यायची तर वाऱ्याने पडलेल्या फांदीवरची न्यायची, उभ्या झाडाची ओढायची नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी एकटीच परत गेले. खालच्या खोडावर एक छोटी होती, फुलं नसलेली. ओढली. सहज येईल वाटलं होतं, पण मुळं सालीला अशी चिकटलेली की कटकट तुटली. अर्धी मुळं खोडावरच राहिली. रूममेटला सांगितलं, पडलेल्या फांदीवर मिळाली. तिचे आजोबा बॅग बांधायला मदत करत होते. त्यांनी ती भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून दिली आणि काही विचारलं नाही.

होस्टेलवर मी ती कुंडीत, चक्क मातीत लावली. रोज सकाळी पाणी. मॅडम इंजिनीअर होणार, पण हवेवर जगणारी मुळं मातीत गुदमरतील हे लक्षात आलं नाही. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली आणि बुडाशी मऊ झाली. मग लायब्ररीत जाऊन वाचलं. आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, त्यामुळे योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. शेंगेत हजारो बिया, त्यातली एखादी सालीत टिकणार आणि तिला फूल यायला पुढे कित्येक वर्षं. मी ओढलेली छोटीसुद्धा कदाचित माझ्या शाळेच्या वयाची असेल. तरी रेक्टर मॅडम खिडकीतली रिकामी कुंडी बघून म्हणाल्या, "काही लाव त्यात, मनी प्लांट वगैरे." मी लावलं नाही.

रूममेटला वाटतं, होस्टेलची हवा मानवली नाही. तिने माझी समजूतही काढली होती, कॅन्टीनमधला वडापाव खिलवून. ती दरवर्षी हा अंक घरी घेऊन जाते आणि मराठी विभाग आजोबांना वाचून दाखवते. या जूनमध्येही चल म्हणालीय. मी हो म्हटलंय. अंक तिच्या हातात मीच देणार आहे, एस.टी. घाट चढायच्या आधी.