मी पोहले, असं सांगितलं

दर सोमवारी संध्याकाळी आमच्या जर्मनच्या बाई फळ्यापाशी उभ्या राहून एकच प्रश्न विचारायच्या: शनिवार-रविवार काय केलंत? आणि दर सोमवारी आमचा अख्खा वर्ग खोटं बोलायचा. तसा कुणाचा इरादा नसे. पण पुण्यातला माणूस शनिवार-रविवारी जे खरोखर करतो, म्हणजे गॅसचा नंबर लावतो, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या पैशांवरून भांडतो, दुपारी पंख्याखाली आडवा होतो, त्यातल्या कशाचाही भूतकाळ आम्हाला करता येत नव्हता. येत होता तो भलत्याच गोष्टींचा. त्यामुळे नर्सिंग करून जर्मनीला जायला निघालेली मुलगी दर आठवड्याला डोंगर चढून यायची. हिंजवडीतला इंजिनिअर दर रविवारी आजीला पत्र लिहायचा. मी पोहायचे. टिळक तलावाच्या दारातसुद्धा मी कधी थांबलेली नाही. पण ‘इश बिन गेश्वोमेन’ म्हणताना तोंडात एक गोल, ओला आवाज होतो आणि तो मला फार आवडतो.

बाईंना सगळं ठाऊक होतं. त्या मान डोलवायच्या आणि विचारायच्या, पाणी गार होतं का?

पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर तीन रकान्यांचा तक्ता असतो. झिंगेन, झांग, गेझुंगेन. ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन. फिंडेन, फांड, गेफुंडेन. गाणं, पिणं, सापडणं. अर्थ बाजूला ठेवा आणि नुसते स्वर ऐका: इ, आ, उ. शाळेत रामः रामौ रामाः घोकलेल्या माणसाला हा तक्ता परका वाटत नाही, उलट हात आपोआप मांडीवर ताल धरतो. वर्गातली पंचविशीतली मुलं कंटाळायची, मला मात्र तेवढंच येत होतं, ओळीने म्हणणं.

उरलेली बहुतेक क्रियापदं साधी आहेत. त्यांना शेवटी ‘टे’ जोडायचं, की झाला भूतकाळ. माखेन, माख्टे. या साध्यांना दुर्बल म्हणतात आणि पोटातला स्वर बदलणाऱ्यांना सबल. हे नामकरण याकोब ग्रिमचं. भावाबरोबर 1812 मध्ये परीकथांचं पुस्तक काढणारा तोच हा ग्रिम. 1819 मध्ये त्याने जर्मन व्याकरणाचा पहिला खंड छापला. ज्याला भूतकाळात जायला बाहेरून शेपूट उसनं घ्यावं लागत नाही, जे आतल्या आत बदलतं, ते त्याच्या लेखी सबल. व्याकरणाच्या पुस्तकात असा उघड पक्षपात करणारा माणूस मला आवडतो. बोलण्यातली बरीचशी नेहमीची माणसं सबलांच्या यादीत आहेत: जाणं, येणं, खाणं, देणं, घेणं, झोपणं, मरणं. रोज तोंडात असतात म्हणून त्यांचा वाकडेपणा टिकून राहिला. जी क्रियापदं मागे पडली ती हळूहळू सरळ झाली. भाजण्याचं, म्हणजे पाव-केक भाजण्याचं ‘बाकेन’ पूर्वी भूतकाळात ‘बूक’ व्हायचं, आता बहुतेक लोक ‘बाक्टे’ म्हणतात. नवी येणारी सगळी दुर्बलांतच जातात. गूगल केलं, गेगूगेल्ट. सबलांचा दरवाजा बंद झालाय. दुर्बल क्रियापदांना गमतीने सबल रूपं बहाल करणारी एक हौशी मंडळी जर्मनीत आहे, तिला मी मनातल्या मनात वर्गणी देते.

आपल्याकडे वेगळं काय आहे? वाच, वाचलं. उचल, उचललं. पण कर, केलं. मर, मेला. जा, गेला. ‘करलं’ असं म्हणणाऱ्या दोन वर्षांच्या पोराला आपण हसतो, आणि तिकडे त्याच वयाचं पोर ‘गेगांगेन’च्या जागी ‘गेगेट’ म्हणतं तेव्हा तिकडची आजी हसते. नियम दोन्ही पोरांना कळलेला असतो, अपवाद तेवढा कळायचा असतो. मेला हे रूप सबल खरं, पण आपल्या माणसाबद्दल ते कोण वापरतं? आपण ‘गेले’ म्हणतो. तेही वाकडंच.

मग येतात हाबेन आणि झाईन. बोलताना जर्मन माणूस भूतकाळ दोन शब्दांत मांडतो, एक मदतनीस आणि एक झालेलं. मदतनीस दोन: हाबेन म्हणजे जवळ असणं, झाईन म्हणजे नुसतं असणं. वाचलेलं, खाल्लेलं, विकत घेतलेलं हे सगळं हाबेनकडे. गेलेला, आलेला, जागा झालेला, मेलेला हे झाईनकडे. वर्गातली मुलं इथे अडखळायची. इंग्रजीत असलं काही नाही, आणि शाळेपासून नवी भाषा इंग्रजीच्या खिडकीतून पाहायची आपल्याला सवय. त्यांना मी चहाच्या वेळी सांगितलं, इंग्रजी सोडा, मराठीतून या. ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद भाकरीकडे बघतं, ‘मी घरी गेले’ म्हणताना माझ्याकडे. भाकरीकडे बघणाऱ्यांना हाबेन लावा, स्वतःकडे बघणाऱ्यांना झाईन. दहातल्या सात-आठ वेळा बरोबर येतं. ‘मी जेवले’पाशी गाडी घसरते, पण जेवणापाशी कुणाची घसरत नाही?

नियम असा की हालचाल किंवा बदल असेल तर झाईन. आणि लगेच खाली चौकटीत अपवाद: ब्लाईबेन, म्हणजे राहणं, जिथल्या तिथे थांबणं. त्यालाही झाईनच. काही हललं नाही, काही बदललं नाही, तरीही. बाई म्हणाल्या, पाठ करा. मी केलं, पण मला तो अपवाद वाटत नाही. सगळे उठून गेलेल्या घरात जो मागे राहतो, तो बदलत नाही असं म्हणणाऱ्याने कधी वाडा रिकामा होताना पाहिलेला नाही. दक्षिण जर्मनीत तर बसणं, उभं राहणं, आडवं होणं यांनाही झाईन लावतात. उत्तरेकडच्यांना ते गावंढळ वाटतं. मला दक्षिण शहाणी वाटते.

दक्षिणेचा आणखी एक शहाणपणा आहे. जर्मनला भूतकाळ दोन आहेत. एक हा मदतनिसांचा, पेर्फेक्ट. दुसरा एका शब्दाचा, प्रेटेरिटुम: झांग, ट्रांक, गिंग. काळाच्या हिशेबाने दोघांत फारसा फरक नाही. काल खाल्लेली भाकरी दोन्हींत बसते. फरक बैठकीचा आहे. हाराल्ड वाइनरिश या भाषाशास्त्रज्ञाने 1964 च्या पुस्तकात तो मांडला: एका काळात आपण बोलतो, दुसऱ्या काळात सांगतो. बोलण्यातली गोष्ट अजून समोर टेबलावर पडलेली असते, तिच्यावरून वाद घालता येतो. सांगितलेली गोष्ट पलीकडे गेलेली असते, ऐकणाऱ्याने फक्त टेकून बसायचं. आटपाट नगर होतं, म्हटलं की कुणी विचारत नाही कोणत्या तालुक्यात. कादंबरीत ‘उद्या तिला परत जायचं होतं’ असं वाक्य येतं आणि उद्याच्या पुढे ‘होतं’ कसं आलं, हे कुणाला खटकत नाही.

बव्हेरियात, ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडमध्ये बोलीतून प्रेटेरिटुम चारपाचशे वर्षांपूर्वीच जवळजवळ उठून गेला. तिथली पोरं तो पहिल्यांदा ऐकतात ते रात्री आजी ग्रिमचं पुस्तक उघडते तेव्हा. म्हणजे त्यांच्या लेखी एक अख्खा काळ फक्त राजे, लांडगे आणि सावत्र आयांचा.

मी बर्लिनला भाच्याकडे गेले तेव्हा नोव्हेंबर होता. त्याचं घर शोनेबेर्ग भागात, बायरिशेस फिअर्टेल नावाच्या वस्तीजवळ. रस्त्यांना बव्हेरियातल्या गावांची नावं, दोन्ही बाजूंना लिंडेनची झाडं, खाली ओल्या पानांचा चिखल. तिथे फुटपाथच्या चौकोनी दगडांत मधेच पितळी चौकोन बसवलेले दिसतात, दहा सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद. श्टोल्परश्टाईन, ठेच लागायचे दगड. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंताने 1992 मध्ये कोलोनमध्ये हे सुरू केलं. नाझींनी ज्यांना संपवलं किंवा पळवून लावलं, त्यांच्या शेवटच्या स्वखुशीच्या घरासमोर एकेका माणसाचा एकेक दगड. 2023 मध्ये न्यूर्नबेर्गला एक लाखावा बसला. अक्षरं पितळेत एकेक करून हातोडीने ठोकलेली असतात, त्यामुळे ओळ जराशी हलते, शाळकरी मुलाच्या अक्षरासारखी.

आणि वाचायला लागलं की समोर आमचा धडा. पहिली ओळ बहुतेक ठिकाणी तीच: हिअर वोन्टे. इथे राहत असे. वोन्टे, दुर्बल, ‘टे’ लावलेलं, प्रेटेरिटुम. बर्लिनमधला शेजारी शेजाऱ्याबद्दल बोलला असता तर हेच पेर्फेक्टमध्येही म्हणू शकला असता. दगड मात्र सांगतो, गोष्टीच्या काळात. त्याखाली नाव. बाईचं असेल तर माहेरचं आडनाव, त्याआधी ‘गेब.’, म्हणजे गेबोरेन, जन्मलेली. हे रूप सबल. मग जन्मसाल. मग डेपोर्टीर्ट आणि साल. मग एरमोर्डेट आणि गावाचं नाव. या शेवटच्या दोघांतल्या एकालाही आधी ‘गे’ नाही. का नाही, हे मला बर्लिनच्या थंडीत वाकून उभी असताना लख्ख आठवलं: ‘ईरेन’ने संपणाऱ्या परक्या क्रियापदांना ‘गे’ लागत नाही, आणि ‘एर’ने सुरू होणाऱ्यांनाही नाही. वर्गात आमची उदाहरणं टेलिफोनीर्ट, स्टुडीर्ट आणि फोटोग्राफीर्ट अशी होती. त्याच रांगेत शेवटी हे डेपोर्टीर्ट उभं होतं.

आणखी एक नाही. हाबेनही नाही, झाईनही नाही. मदतनीस गाळलाय. पाठवलं गेलं, मारलं गेलं. मराठीत अशा वाक्यातून ‘ने’ गळून पडतो, तसं इथे कुणी केलं त्याला जागाच नाही. दहा सेंटिमीटरांत मावत नाही म्हणूनही असेल. व्याकरण मात्र आधीपासूनच तशी सोय करून बसलेलं होतं.

याच वस्तीत दिव्यांच्या खांबांवर ऐंशी पाट्या आहेत, 1993 मध्ये रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नॉक या दोघांनी लावलेल्या. एका बाजूला चित्र, पाव, मांजर, बाक असं काहीतरी, आणि पाठीमागे ज्यूंविरुद्धचा एकेक नियम. बर्लिनच्या ज्यूंनी किराणा दुपारी चार ते पाच या वेळेतच घ्यायचा, 4 जुलै 1940. नियम वर्तमानकाळात आहेत. नियम नेहमी वर्तमानकाळातच असतात. मी भाजीची पिशवी घेऊन त्या पाटीखाली उभी राहिले तेव्हा साडेपाच वाजले होते.

म्यूनिकने मात्र हे दगड सार्वजनिक रस्त्यावर बसू दिलेले नाहीत. 2004 मध्ये नाही म्हटलं, 2015 मध्ये पुन्हा नाही म्हटलं. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोट क्नोब्लोख यांचं म्हणणं असं की ज्यांना एकदा तुडवलं त्यांच्या नावांवर पुन्हा पाय नको. 2018 पासून तिथे नावं भिंतीवर किंवा खांबावर लावतात, डोळ्यांच्या उंचीला. दगडांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, ते वाचायला वाकावं लागतं, हा नमस्कारच झाला.

पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाशी नेणाऱ्या घरात मी वाढले. क्नोब्लोखबाईंचं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही. पण मग पंढरपूर आठवतं. महाद्वारातली नामदेव पायरी. विठ्ठलाच्या दारात येणाऱ्या संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून नामदेवांनी पायरीखालची जागा मागून घेतली, असं परंपरा सांगते. त्यांना पाय हवे होते. आणि वारकरी काय करतो? ती पायरी ओलांडून जातो. हात टेकतो, माथा टेकतो, पाय तेवढा ठेवत नाही. सातशे वर्षं एक माणूस पायधूळ मागतोय आणि लोक प्रेमाने त्याचं ऐकत नाहीत. माझी आई तर त्या गर्दीतही परकर सावरून लांब ढांग टाकायची, मागच्या बाईचा धक्का बसला तरी. मागितलेले पाय आणि न मागता पडलेले पाय यांत फरक आहे, हे उघडच. तरी म्यूनिक बरोबर की बर्लिन, हे मला विचाराल तर मी उत्तर देणार नाही. मी दगड टाळून चालत होते एवढं खरं, आणि बर्लिनच्या फुटपाथवर असं चालणारी बाई प्यायलेली दिसते.

भाच्याच्या घराच्या पुढच्या दारासमोर एक तरुण पुठ्ठ्यावर गुडघे टेकून बसला होता. हातात जुना टूथब्रश आणि पॉलिशची ट्यूब. नऊ नोव्हेंबरच्या आसपास बरेच लोक असे दगड घासायला बसतात. 1938 मध्ये त्या रात्री ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली आणि दुकानं फोडली होती. मी विचारलं, हे तुमचे कोण? कुणी नाही, म्हणाला. मार्चमध्ये राहायला आलोय. आइनगेत्सोगेन, झाईनबरोबर, ‘गे’ मधोमध. पानांखाली होते, दिसले, वाईट वाटलं. बोलत होता पेर्फेक्टमध्ये, घासत होता प्रेटेरिटुम. चार दगड होते. तीन झाले होते आणि चौथा निघत नव्हता. ट्यूब पिळून पिळून चपटी झाली होती. हे महागडं प्रकरण आहे, म्हणाला, आणि वासाने डोकं चढतं.

मी म्हटलं, चिंच. त्याला तो फळाचा शब्द कळेना, म्हणून भाच्याला फोन लावला. तुर्की दुकानात मिळते, भाचा म्हणाला. मग मी त्याला पद्धत सांगितली: कोमट पाण्यात भिजवा, थोडं मीठ घाला, पाच मिनिटं लावून ठेवा, घासा, धुऊन टाका, लगेच कोरडं करा. नाहीतर हिरवं पडतं. हे सगळं मी न अडखळता सांगितलं, कारण यात भूतकाळ कुठेच लागत नाही. त्याने मोबाइलवर लिहून घेतलं आणि विचारलं, तुम्ही घरी असंच करता का? म्हटलं, नाही, घरी पितांबरी वापरतो.