गाणारा बेडूक आणि एकटा साक्षीदार

सुमारे सात मिनिटांचा एक व्यंगपट मी कित्येक वर्षे पुन्हापुन्हा पाहत आलो आहे. त्यातील प्रत्येक विनोद पाठ झाला आहे. तरी दर वेळी हसण्यासोबत थोडी अस्वस्थताही येते. चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘वन फ्रॉगी ईव्हनिंग’ वॉर्नर ब्रदर्सने १९५५च्या अखेरीस प्रदर्शित केला; कथा मायकेल माल्टीझ यांची. जुनी इमारत पाडताना एका मजुराला कोनशिलेत १८९२ सालची पेटी सापडते. तीतून बेडूक बाहेर येतो, उंच टोपी चढवतो आणि छडी फिरवत गाऊ लागतो. (त्याचे पहिले गाणे १८९९चे, म्हणजे पेटी बंद झाल्यानंतरचे आहे; व्यंगपटाला कालविपर्यास शोभून दिसतो.) मजूर श्रीमंतीची स्वप्ने पाहू लागतो. पण दुसऱ्या कोणाची नजर पडली, की बेडूक नुसता ‘डराव’ करतो.

सगळी पुंजी घालून मजूर नाट्यगृह भाड्याने घेतो. फुकट बिअरची पाटी लावल्यावरच प्रेक्षक जमतात. पडद्यामागे बेडूक रंगात येऊन गात असतो आणि पडदा अडकलेला असतो. तो वर जातो तेव्हा गाणे संपलेले असते.

हा सारा मजुराचा भ्रम आहे, असे वाचन सोयीचे आहे, परंतु संहिता त्याला आधार देत नाही. हिवाळ्याच्या रात्री उद्यानात गस्तीचा पोलीस येतो तो गाणे ऐकूनच. मजूर बेडकाकडे बोट दाखवतो, आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते. म्हणजे गाणे झाले हे जगाला मान्य आहे. ते बेडकाने गायिले, एवढेच अमान्य.

हा आरोप मला नवा नाही. एम. ए.च्या वर्गात एका आवडत्या कवितेतील लय उलगडून दाखवत असताना एका विद्यार्थिनीने अत्यंत आदराने विचारले होते, ‘‘सर, हे कवितेत आहे, की तुम्ही वाचता म्हणून ऐकू येते?’’ मी पुन्हा वाचून दाखवली. कविता ‘डराव’ म्हणाली. अभिरुचीचा निर्णय सर्वांच्या संमतीवर हक्क सांगतो, पण ती संमती पुराव्याने मिळवता येत नाही, हे कांटचे म्हणणे मी त्याच वर्गाला शिकवले होते. भट्टनायकाचे साधारणीकरणही शिकवले होते. त्या तासाला दोघांपैकी कोणीही मदतीला आले नाही.

मजुराची चूक लोभाची, असे सहसा म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. पैशाचा मोह नसता तरी त्याने बेडूक कोणाला तरी दाखवलाच असता. दाखवल्यावाचून ऐकणे पुरे कसे होणार?

अखेरीस तो पेटी नव्या इमारतीच्या कोनशिलेत टाकून पळतो. २०५६ साली ती दुसऱ्या एकाच्या हाती लागते. बेडूक गातो, आणि तो माणूसही पेटी काखेत मारून लगबगीने निघतो.

मीही ती कविता या वर्षीच्या पाठ्यक्रमात ठेवली आहे.