आडनावांची बेरीज

2020च्या हैदराबाद महापालिका निवडणुकीत आमच्या डिव्हिजनला चुकीचा उमेदवार मिळाला आणि ते नाव वरपर्यंत नेणारा मी होतो. पक्ष कोणता ते सांगत नाही. अहवाल माझा होता.

17 नोव्हेंबरला निवडणूक जाहीर, 18 ते 20 अर्ज, 1 डिसेंबरला मतदान. एवढ्या घाईत 150 डिव्हिजनांची पारख वर बसून कोण करणार? खालून आलेल्या कागदावर भिस्त ठेवून पक्षाच्या उमेदवारीचे बी-फॉर्म निघतात. आमचा कागद मी लिहिला.

काचीगुडा, सुलतान बाजारकडे मराठी घरं निजामाच्या काळापासून आहेत. मराठी मतं किती ते मोजायला मी मतदार यादी घेऊन बसलो आणि कुलकर्णी, जोशी, देशमुख दिसले की पेन्सिलीने खूण करत गेलो. बेरीज भरघोस आली. त्यातले कितीतरी कुलकर्णी गुलबर्ग्याकडचे कानडी. देशमुखी तर तेलुगू जमीनदारांकडेही होती. तेलंगणातले शेतकरी ज्या विसनूरच्या देशमुखाविरुद्ध उठले, तो रामचंद्र रेड्डी. हे मला माहीत नव्हतं थोडंच! बेरीज मनासारखी येत होती, म्हणून आठवलं नाही. शिवाय खऱ्या मराठी घरांतही विषय वेगळाच होता: ऑक्टोबरच्या पुरात पाणी शिरलं, सरकारचे दहा हजार मिळाले की नाही?

निम्म्या जागा महिलांना राखीव, आमचीही. त्या बेरजेच्या जोरावर मी मित्राच्या पत्नीचं नाव दिलं. बाई सज्जन, पण तिकीट त्यांनी मागितलंच नव्हतं. बस्तीत बचतगट चालवणारी, पुरानंतर दारोदार फिरून याद्या करणारी, दर निवडणुकीत पोलिंग एजंट म्हणून संध्याकाळपर्यंत बसणारी आमची एक कार्यकर्ती होती. तिने तिकीट मागितलं होतं. 'आपल्यातली नाही, खर्चही झेपणार नाही,' असं वर तोंडी सांगून मी मोकळा झालो. लिहून द्यायची हिंमत नव्हती.

प्रचारात भाषणं मित्रच करायचा. फ्लेक्सवरही त्याचाच फोटो मोठा. सपाटून हरलो. शहरात टीआरएस 56, भाजप 48, एमआयएम 44, काँग्रेस 2 असा निकाल लागला. आढावा बैठकीत 'हवाच वेगळी होती' असं म्हणून मी माझा कागद हवेच्या नावावर खपवला. ती कार्यकर्ती मागच्या रांगेत बसून ऐकत होती.

तुमच्या भागातल्या इच्छुकांची यादी तुमच्याकडे आली, तर आडनावं मोजू नका. मागच्या वेळी पोलिंग एजंट कोण होतं, तेवढं आधी विचारा.