तळघरातला वाद्यवृंद

२००७ सालच्या डिसेंबरातली एक संध्याकाळ. बोस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी नावाच्या गावात आम्ही राहतो. मी पोळ्या लाटत होते आणि खालून, तळघरातून, 'हायवे स्टार' ऐकू आले. डीप पर्पलचे हे गाणे १९७२ सालचे. मी ते पहिल्यांदा ऐकले १९८१ मध्ये, सांगलीत, थोरल्या भावाच्या खोलीच्या बंद दाराला कान लावून. माझ्या बारा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. आमच्या घरात ती कॅसेट नव्हती आणि त्या विषयावर मी मुलांशी कधी बोललेही नव्हते. लाटणे हातात घेऊनच मी जिना उतरले. खाली चिरंजीव गळ्यात प्लास्टिकची गिटार अडकवून उभे होते, धाकटी मुलगी चार रबरी थाळ्यांवर काठ्या आपटत होती, आणि ज्यांनी आयुष्यात भावगीतापलीकडे काही गुणगुणले नव्हते ते त्यांचे वडील मायक्रोफोन धरून आरोळ्या ठोकत होते.

खेळाचे नाव 'रॉक बँड'. तो नुकताच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, बाजारात आला होता. तो करणारी हार्मोनिक्स ही संस्था तेव्हा आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, केंब्रिजमध्ये होती. एमआयटीत शिकलेल्या दोघांनी १९९५ मध्ये काढलेली. त्यांचाच 'गिटार हिरो' २००५ मध्ये आला होता, पण त्यात नुसतीच गिटार होती, आणि गाणीही बहुतेक दुसऱ्यांनी नक्कल करून वाजवलेली. 'रॉक बँड'मध्ये चौघांनी मिळून वाजवायचे आणि बहुतांश मूळ ध्वनिमुद्रणे वापरायची, अशी सोय झाली.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. गिटारच्या दांड्यावर हिरवे, लाल, पिवळे, निळे, केशरी असे पाच खटके असतात आणि तारांच्या जागी एक पट्टी. पडद्यावर रस्त्यासारखा एक पट्टा आपल्याकडे धावत येतो, त्यावर त्याच रंगांच्या खुणा. खूण रेषेवर आली की तो खटका दाबून पट्टी छेडायची. बरोबर छेडली तर गाण्यातली गिटार वाजते. चुकली तर ती तेवढ्यापुरती गप्प होते. फार चुका झाल्या तर प्रेक्षक हुर्यो करतात आणि गाणे बंद पडते.

यावर आमच्या परिचयातल्या मराठी मंडळींचा आक्षेप ठरलेला असे: एवढा वेळ घालवायचा तर मुलांना खरी गिटार का शिकवत नाही? आक्षेप चूक नव्हता. पाच खटके दाबून कोणी वादक होत नाही. (मुलीच्या ड्रमची गोष्ट वेगळी, काठी आणि पाय यांची फारकत तिने तिथेच साधली आणि पुढे ती शाळेच्या वाद्यवृंदात खरी वाजवू लागली.) पण देशात असताना मी सहा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवत होते, आणि त्या सवयीने मला प्रश्न जरा निराळा दिसत होता. ग्रंथाचे पारायण करणाऱ्याला आपण विचारत नाही की बाबा, तू स्वतः ओवी का रचत नाहीस? तो वाचक आहे, फक्त तोंडाने आणि अंगाने वाचणारा. मुले गाणे रचत नव्हती, वाजवतही नव्हती. ती गाणे वाचत होती, असे मला वाटते.

हे मला कळले ते मी स्वतः बेस घेतल्यावर. चौथा माणूस हवा म्हणून मला ओढले गेले, आणि नवख्या माणसाला बेस देतात तसा मला दिला. 'द हू' या वृंदाचे १९७१ सालचे 'वोंट गेट फूल्ड अगेन' मी कितीदा तरी ऐकले होते; त्यात जॉन एन्टविसल बेसवर काय करतो हे मला एकदाही ऐकू आले नव्हते. आता माझी खूण चुकली की बेस नाहीसा व्हायचा आणि गाणे एकदम पोकळ, पायाखालून फळी काढल्यासारखे व्हायचे. जे असताना जाणवले नव्हते ते नसताना जाणवले. संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावायचो त्याची मला आठवण झाली. आधी क्रियापद शोधायचे, मग कर्ता, मग एकेक विशेषण आपापल्या नामापाशी नेऊन बसवायचे. आणि मग पुन्हा श्लोक म्हटला की तोच श्लोक दुसराच वाटतो. ही मुले रोज संध्याकाळी रॉकचा अन्वय लावत होती. चिरंजीवांनी एकदा जेवताना गंभीरपणे सांगितले की 'गिमी शेल्टर'मध्ये गिटार किती कमी वाजते आणि तरी सगळे गाणे तिचेच कसे आहे. तेराव्या वर्षी मला एखाद्या कवितेबद्दल एवढे नेमके बोलता आले नसते.

खेळाच्या मर्यादा मी नाकारत नाही. त्याला वेळ कळते आणि सूर कळतो. रंग कळत नाही. गुण, तारे, प्रेक्षकांचा जयजयकार हा सगळा पसारा मला शेवटपर्यंत पोरकटच वाटला.

२००९ च्या मे महिन्यात नाना, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आले. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिली फेरी. वय ऐंशी. नानांचे आयुष्य शिक्षकीत आणि पेटीत गेले. नाट्यसंगीत हा त्यांचा प्राण. सांगलीतल्या हौशी मंडळींच्या नाटकांना त्यांनी तीसेक वर्षे साथ केली. आणि एक सल त्यांनी जन्मभर बाळगला. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. वाद्य परके, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असे म्हणून. ही बंदी सैल झाली ती थेट १९७१ मध्ये. 'गोविंदराव टेंब्यांच्या हातातली पेटी ह्यांना परकी वाटली!' हे वाक्य आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकले होते की नाना श्वास घेताच आम्ही ते पुरे करत असू.

त्याच नानांनी १९८१ मध्ये दादाची गिटार घराबाहेर काढली. दादा तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने ती मिरजेतल्या कुणाकडून जुनी विकत घेतली होती. संध्याकाळी क्लासला जातो असे सांगून तो मागच्या खोलीत दार लावून बसे, आणि मी दाराशी. आतून जे ऐकू येई त्याने माझ्या अंगावर काटा उभा राही. एकदा काही कारणावरून आमचे भांडण झाले आणि मी नानांना जाऊन सांगितले की दादा क्लासला जात नाही, गिटार वाजवतो. नाना ओरडले नाहीत. 'ते परकं वाद्य ह्या घरात नको' एवढेच म्हणाले. आठवड्याने दादाने ती दोनशे रुपयांना विकली. त्यानंतर त्याने संगीताचे नाव काढल्याचे मला आठवत नाही. मी सांगितले हे त्याला कधी कळले नाही. निदान मी तसे समजत होते.

तर नाना आले. आमच्या तळघरातल्या गोंगाटाकडे त्यांनी चार महिने सौजन्याने दुर्लक्ष केले. ९ सप्टेंबर २००९ ला बीटल्सचा 'रॉक बँड' आला. त्यात पंचेचाळीस गाणी होती, आणि तीन जणांना एकत्र गाण्याची सोय. मुलगा नव्या दूरदर्शन संचाला तो जुळवत होता. सपाट पडद्याचे संच चित्र किंचित उशिरा दाखवतात, त्यामुळे आवाज आणि खूण यांचा मेळ आधी बसवावा लागतो. नाना जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते.

'हे काय चाललंय रे?'

'जुळवतोय, आजोबा. नाहीतर बरोबर वाजवलं तरी चूक धरतं.'

'तबकडी पट्टीत आणायची म्हण की,' नाना म्हणाले, आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी चाळीस वर्षांत ऐकले नव्हते. त्यांच्या लहानपणी शेजारच्या वकिलांकडे ग्रामोफोन होता. रविवारी दुपारी वकील झोपले की नाना काकांची पेटी घेऊन तिथल्या ओसरीवर जात आणि बालगंधर्वांच्या तबकड्यांना साथ करत. तबकडीचा सूर पेटीच्या पट्टीशी जुळत नसे, म्हणून वेगाचा स्क्रू हलक्या हाताने फिरवून गंधर्वांना काळी एकच्या जवळ आणायचे. तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. पुन्हा चावी, पुन्हा तीच तबकडी. 'गुरू कुठला परवडणार? मी गंधर्वांना दोन वर्षं साथ केली. त्यांना पत्ताही नाही.'

मुलीने त्यांच्या हातात मायक्रोफोन दिला. 'आजोबा, तुम्ही गा ना.'

'मला शब्द कुठं येतात?'

'शब्द नाही बघत ते. नुसता सूर बघतं.'

'मग शहाणं आहे,' नाना म्हणाले.

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. तो खेळ स्वराची उंची मोजतो, शब्द नव्हे. सप्तक कोणतेही चालते. मुलाने 'विदिन यू विदाउट यू' लावले. खेळात ते १९६६ च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'शी जोडलेल्या रूपात आहे: वर जॉर्ज हॅरिसनचा आवाज, खाली रिंगो स्टारचा घुमणारा ठेका. नानांनी क्षणभर ऐकले, 'खमाजाच्या घरातलं आहे' असे पुटपुटले आणि आकारात सुरुवात केली, एक सप्तक खाली. पडद्यावरचा बाण रेषेवर येऊन स्थिर झाला. माझ्या हातून बेस सुटला तेव्हा त्यांनी गाता गाताच मान वळवून माझ्याकडे बघितले. साथीदार चुकला की ते नाटकातही असेच बघत. पुढे त्यांना राहवेना, त्यांनी एक लांब मींड घेतली आणि बाण भरकटला. गाणे संपल्यावर ते म्हणाले, 'ह्याची पेटीसारखीच गत आहे. मींड चालत नाही.' आणि हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

मूळ गाणे १९६७ सालचे. त्यात दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणाऱ्या लंडनमधल्या भारतीय वादकांची नावे त्या अल्बमवर छापलेली नव्हती. २०१७ मध्ये, अल्बमच्या पन्नासाव्या वर्षी, ती उजेडात आली. दिलरुबा वाजवणाऱ्यांपैकी एकाचे नाव अण्णा जोशी. सांगलीच्या कोणत्याही गल्लीत हाक मारली तर दोघे बाहेर येतील असे हे नाव मी वाचले आणि सांगायला नाना नव्हते.

त्या रात्री मुले झोपल्यावर नाना म्हणाले, 'त्याची गिटार शेवटी गेली कुठं?'

'विकली. दोनशेला.'

ते गप्प बसले. मी अठ्ठावीस वर्षे साठवलेले वाक्य बोलून टाकले: 'नाना, तेव्हा मीच तुम्हाला सांगितलं होतं.'

'ठाऊक आहे की. मलाच तर सांगितलं होतंस,' नाना म्हणाले. माझी कबुली चुकीच्या पत्त्यावर गेली होती. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: 'परकं वाद्य, असं मी म्हणालो. मी!'

पुढची दोन-तीन वर्षे भराभर गेली. ही लाट जशी आली तशी ओसरली. फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने 'गिटार हिरो'चा विभाग बंद केला, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत प्लास्टिकच्या गिटारी ढिगाने दिसू लागल्या. २०१२ च्या फेब्रुवारीत नाना गेले. त्या उन्हाळ्यात दादा पहिल्यांदा आमच्याकडे आला. बोस्टनच्या बाजूला आलेल्या पाहुण्यांना लोक हार्वर्ड दाखवायला नेतात. मी त्याला वॉटरटाउनला नेले, कारण 'बोस्टन' याच नावाच्या वृंदाचा १९७६ सालचा पहिला अल्बम टॉम शोल्झने बव्हंशी तिथल्या एका तळघरात ध्वनिमुद्रित केला होता. दादाने गाडीची काच खाली केली, एका साध्या रस्त्याकडे बघितले आणि विचारले, 'हे तुला कसं ठाऊक?'

'तुझ्यामुळे,' मी म्हणाले, आणि गाडी कडेला घेऊन त्याला १९८१ ची सगळी हकीकत सांगितली. चहाडीची, आणि दाराला कान लावून ऐकण्याचीही. तो इतके उत्तम वाजवत होता आणि माझ्यामुळे ते सुटले, असे म्हणताना माझा आवाज कापला.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'अगं, मला तीन कॉर्ड येत होत्या. त्यातली एक चुकीची. तू ऐकायचीस ती कॅसेट. टेपरेकॉर्डर मोठ्याने लावून मी वरून खरडत बसायचो.'

घरी आल्यावर तो आपणहून तळघरात उतरला. माझ्या मुलाने त्याच्या गळ्यात ती गिटार अडकवली, पट्टा त्याच्या पोटाच्या मानाने सैल केला आणि कोणते गाणे लावू म्हणून विचारले. 'हायवे स्टार' म्हणताना दादा माझ्याकडे बघत होता. मुलाने पातळी सर्वांत सोपी ठेवली. पहिल्या अर्ध्या मिनिटात दादाच्या निम्म्या खुणा चुकल्या, गिटार येत होती आणि जात होती. मी बेस उचलला.