निळोण्याच्या काठी एक रविवार

श्रावण चालू होता, बाहेर पावसाची रिपरिप, आणि आमच्या न्हाणीघरात चार पिंपं काठोकाठ भरलेली. माहेरहून आलेल्या वहिनीने ती पाहिली आणि हसून म्हणाली, "वन्सं, एवढा पाऊस पडतोय आणि तुम्ही पाणी कसलं साठवताय?"

मी म्हटलं, "वहिनी, २०१८चा उन्हाळा ज्या घराने यवतमाळात काढला, त्या घरातली पिंपं पुन्हा रिकामी राहात नाहीत."

हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं दाखवायला मी तिला रविवारी निळोण्याला घेऊन गेले. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुलं.

निळोणा म्हणजे वाघाडी नदीवरचं मातीचं धरण. आमच्या गावाचं पाणी वर्षानुवर्षं इथून आणि चापडोहच्या धरणातून येत आलं. पावसाळ्यात हा परिसर इतका देखणा दिसतो, की वहिनी दहा मिनिटं बोललीच नाही. भोवती हिरव्या टेकड्या, सागाला पांढरट तुरे आलेले, मधे करडं-निळं पाणी. एक म्हातारी बाई काठावर शेळ्या चारत होती.

वहिनीने तिला विचारलं, "आजी, उन्हाळ्यात राहतं का हो एवढं पाणी?"

"राह्यते, पण पह्यलेसारखं नाही माय," ती म्हणाली. "झाडं होती तवा पाणी चालत ये. आता पयत येते, अन् संग माती घेऊन येते."

मी शाळेत मुलांना भूगोल शिकवते. पण जमिनीची धूप इतक्या थोडक्या शब्दांत मला कधी सांगता आली नाही.

यवतमाळ माथ्यावर वसलेलं गाव. तवा उपडा घालावा तशी इथली जमीन. एका अंगाचं पाणी बेंबळेसारख्या नद्यांतून वर्धेकडे जातं, दुसऱ्या अंगाचं अडाण, अरुणावती, वाघाडी यांच्यातून पैनगंगेकडे. मोठी नदी गावातून वाहात नाही. आभाळातून पडेल तेच आपलं, आणि तेही उतारावरून लगेच निघून जायला बघतं. खाली काळा कातळ. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मुरेल तेवढंच विहिरीला मिळायचं. म्हणून इथे पाणी चालत आलं पाहिजे, पळत नव्हे.

ते पळालं की काय होतं, हे आम्ही दोन्हीकडून भोगलं. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला आणि २०१८च्या उन्हाळ्यात धरणं आटली. नळ पंधरा-पंधरा दिवस येईना. टँकरचा आवाज आला की हातातली पोळी तव्यावर टाकून धावायचं. त्याच उन्हाळ्यात निळोण्यातला गाळ उपसायला गावची माणसं पुढे आली. बेंबळा प्रकल्पातून पाणी आणायची योजनाही झाली.

आणि मग २२ जुलै २०२३. एका रात्रीच्या पावसाने जिल्हा बुडाला. महागाव तालुक्यात आनंदनगरला अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. त्या पहाटे आमच्या वसाहतीमागचा ओढा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात शिरला. वर्षाचे गहू, तुरीची डाळ, उन्हाळाभर खपून केलेल्या कुरडया, सगळं भिजलं. काकू भिजलेला गहू सुपात घेऊन नुसत्या बसून होत्या.

दोष ओढ्याचा म्हणावा का? कुणी काठावर भराव टाकला, कुणी कुंपण दोन हात पुढे सरकवलं, कुठे त्याला सिमेंटच्या भिंतींत कोंबलं. वाट अरुंद केली आणि काठची झाडं तोडली, मग त्याने आपली जागा शोधली. पावसाळ्यात घरात शिरणारं आणि उन्हाळ्यात नळाला न येणारं पाणी एकच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दशम्या खाताना मी वहिनीला म्हटलं, गावात बागा नाहीत असं नाही. पण बाग एकीकडे, मैदान दुसरीकडे, तलाव तिसरीकडे, टेकडीवरचं जंगल चौथीकडे. सगळे सुटे मणी. ते ओवायचा धागा म्हणजे ओढा, आणि तोच आपण तोडला. ओढ्याच्या दोन्ही काठांना मोकळी पट्टी ठेवावी. तिथे करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन लावावे, खाली गवत आणि वाळा. वाटेतलं मैदान जरा खोलगट ठेवावं, म्हणजे पुराचं पाणी तास-दोन तास तिथे थांबेल. एरवी मुलांनी खेळावं. बाजूने पायवाट असली की आपल्यालाही पहाटे फिरता येईल. सांडपाणी मात्र आधी वेगळं काढायला हवं. तेवढं काम झाडांवर सोपवून चालत नाही.

हे काही स्वप्न नव्हे. अमेरिकेत बोस्टन शहराने एकोणिसाव्या शतकातच दलदल, ओढे, तळी आणि बागा अशा एकात एक ओवल्या. त्यांना लोक पाचूचा हार म्हणतात. सिंगापूरने २०१२मध्ये एका मोठ्या बागेतला सिमेंटचा सरळ कालवा काढून तिथे वळणावळणाची नदी परत आणली. आणि दुर्लक्षाचं फळ पाहायला लांब जायला नको. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं.

"पण हे सगळं नगरपालिकेचं काम," वहिनी म्हणाली. बरंचसं आहेच. वॉर्डातल्या बायकांनी एकत्र जाऊन ओढ्याची मोजणी मागायची, कुंपणं मागे घ्या म्हणायचं, एवढं तरी आपण करू शकतो. आणि थोडं घरातही आहे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे चाळीस हजार लिटर होतात, म्हणजे पाच हजारांचे आठ टँकर! ते गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात सोडावं. अंगणाला सगळीकडे फरशी घालू नये. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी अळूला आणि केळीला घालावं.

परतताना मुलाने विचारलं, "आई, आपल्यामागचा नाला पण नदीलाच जातो का?" म्हटलं, "जातो. आणि तो नाला नाही रे, ओढा आहे."

तुमच्याकडे पाहुणी आली तर तिलाही निळोण्याला न्या. भरल्या श्रावणात न्या. डबा सोबत घ्या, पाण्याच्या फार जवळ मुलांना सोडू नका, आणि रिकाम्या पिशव्या तिथे टाकू नका. ते पाणी शेवटी आपल्याच माठात येतं.

वहिनी पुण्याला गेली. परवा तिचं बोलणं झालं. तिने गच्चीच्या पन्हळीखाली एक पिंप ठेवलंय म्हणे.