एक्सेलमध्ये राहिलेली ओळ

हॉस्टेल सोडून काही वर्षं झाली, पण ‘अंकासाठी काहीतरी लिही’ म्हटलं की अजूनही छातीत धडधडतं. यावेळी विषय मात्र तयार होता. एका ट्रिपचं प्लॅनिंग. ट्रिप झाली नाही, प्लॅनिंग मात्र जोरदार झालं.

आधी थोडा फ्लॅशबॅक. सेकंड इयरला सबमिशन संपल्या संपल्या, ऐन एप्रिलात, आम्ही चौघं नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो. प्लॅन माझा. माणशी एक बाटली पाणी, कारण ‘वर टाकं आहे की!’ अर्ध्या वाटेतच पाणी संपलं. माझा रूम पार्टनर एका दगडाला टेकून बसला तो उठेचना. ओठ पांढरे, बोलणं तुटक. खालच्या गावातले एक मामा हंडाभर पाणी घेऊन वर आले म्हणून निभावलं. पार्टनर ते दुसऱ्या दिवशी विसरला. मी नाही विसरलो.

२०२३ साली आम्ही दोघंही लॉस एंजेलिसमध्ये, पुन्हा रूम पार्टनर. एमएस झालं, पण त्याला नोकरी लागली नाही. व्हिसाची मुदत संपत आलेली, ऑगस्टअखेरचं परतीचं तिकीट काढलेलं. म्हणाला, “जाण्याआधी एकच. जोशुआ ट्री ते डेथ व्हॅली. तीन दिवस.” नाही कसं म्हणणार?

ही दोन्ही वाळवंटी उद्यानं एका कायद्याने, एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबर १९९४ ला ‘नॅशनल पार्क’ झाली. पण स्वभाव वेगळे. जोशुआ ट्रीमध्ये दोन वाळवंटं भेटतात, वरचं मोहावी आणि खालचं कोलोराडो. ज्याच्यावरून नाव पडलं ते झाड खरं तर युक्का, म्हणजे आपल्या घायपाताचं चुलत भावंड. डेथ व्हॅलीचा कारभार निराळाच. बॅडवॉटरची जमीन समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. पश्चिमेकडून येणारे ढग वाटेतल्या डोंगररांगांवर रिकामे होतात. महाबळेश्वर भिजतं आणि माणदेश कोरडा राहतो, तोच हिशेब. त्यात दरी खोल नि अरुंद. तापलेली हवा वर जाते, पण निसटत नाही. पुन्हा खाली येताना दाबली जाते आणि आणखी तापते. थर्मोच्या सरांनी शिकवलेलं ऍडियाबॅटिक कॉम्प्रेशन मला तिथे पहिल्यांदा कळलं! १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली, जागतिक विक्रम म्हणून.

मी एक्सेल उघडलं. रस्ता: ट्वेंटीनाइन पाम्स, तिथून ऍम्बॉय, केल्सो, बेकर, मग १२७ नंबरने उत्तरेला आणि १९० ने आत. अंदाजे पावणेचारशे-चारशे किलोमीटर. जोशुआ ट्री पार्कात पेट्रोल नाही, खाणं नाही. ट्वेंटीनाइन पाम्सला टाकी फुल्ल करायची, त्यानंतरचा भरवशाचा पंप बेकरला, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरवर. (त्याच बेकरमध्ये १३४ फुटी थर्मामीटर आहे. का, तर तो विक्रम १३४ फॅरनहाइटचा!) पाणी माणशी रोज चार लिटर, वर राखीव कॅन. सकाळी दहानंतर पायी फिरणं बंद. चढावर एसी बंद. इंजिन तापलंच तर हीटर चालू करायचा, म्हणजे कुलंटची उष्णता आत येते. ४५ अंशांत हीटर! कच्च्या रस्त्यावर भाड्याची गाडी न्यायला करारातच बंदी. मोबाइलला रेंज नाही, म्हणून कागदी नकाशा.

“तू इंजिनिअर आहेस की विमा एजंट?” पार्टनर विचारायचा. मी त्याला १९९६ ची गोष्ट सांगितली. जुलै महिन्यात चार जर्मन पर्यटक, त्यात दोन लहान मुलं, भाड्याची व्हॅन घेऊन डेथ व्हॅलीच्या कच्च्या वाटेला लागले. व्हॅन सापडली ऑक्टोबरात, टायर फाटलेली. मोठ्यांचे अवशेष सापडायला २००९ उजाडलं. पार्टनर गप्प झाला. मग म्हणाला, “पाण्याचा अजून एक कॅन टाक.”

निघायचं १८ ऑगस्टला, शुक्रवारी. चाळीस ओळींचं शीट, सगळ्यांसमोर टिकमार्क, गाडी दारात. आणि सकाळी बातमी आली: ‘हिलरी’ नावाचं चक्रीवादळ मेक्सिकोकडून वर सरकतंय, दक्षिण कॅलिफोर्नियाला इशारा. असा इशारा तिथे पहिल्यांदाच दिला होता.

“पाऊस? वाळवंटात?” पार्टनर हसला. “रविवारी दुपारपर्यंत घरी येतो आपण.”

मी शीट वरपासून खालपर्यंत वाचलं. ऊन, टायर, रेडिएटर, साप, विंचू... पाऊस कुठेच नाही. मला पाणी कमी पडायची इतकी धास्ती होती, की ते जास्त होईल हे सुचलंच नाही. नळीच्या वाटेवरच्या त्या दगडाचंच उत्तर मी तीन आठवडे लिहीत बसलो होतो, आणि पेपर दुसराच आला होता.

“नाही जायचं,” मी म्हणालो.

तो भांडला नाही. ते जास्त लागलं. गाडी परत केली, पाण्याचे कॅन किचनमध्ये रांगेत उभे, आणि दोन दिवस आम्ही एका खोलीत न बोलता काढले. हे त्याचं शेवटचं मागणं होतं आणि मी अंदाजावर नाही म्हटलं होतं. वादळ भरकटलं असतं तर?

रविवारी, २० ऑगस्टला, फर्नेस क्रीकला २.२ इंच पाऊस पडला. तिथे वर्षभरात पडतो साधारण तेवढा, एका दिवसात. रस्ते वाहून गेले, पार्क बंद झालं ते १५ ऑक्टोबरला थोडंफार उघडलं. मी बरोबर ठरलो, पण आनंद झाला नाही. चाळीस ओळींनी नाही, एका बातमीने वाचवलं होतं आम्हाला.

संध्याकाळी पार्टनरने त्याच कॅनमधल्या पाण्याचा चहा केला, लॅपटॉप ओढला आणि शीटच्या तळाशी एक्केचाळीसावी ओळ टाईप केली: ‘जे सुचलं नाही ते.’ समोरचा रकाना रिकामाच ठेवला. आठवड्याने तो गेला.

एप्रिलात गडावर निघणाऱ्या ज्युनिअर्सनो, पाणी जास्त न्याच. पण यादी पूर्ण झाली असं वाटलं, की एक ओळ रिकामी सोडा. आणि ‘परत फिरू’ म्हणणाऱ्यावर हसू नका.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी बाकीच्या मित्रांबरोबर मोठ्या हायवेने डेथ व्हॅलीला गेलो. बॅडवॉटरच्या मिठावर चक्क तळं साचलं होतं, त्यात डोंगर उलटे दिसत होते. रेंज आल्यावर पार्टनरला फोटो पाठवला. इकडे तेव्हा पहाट असणार. तरी लगेच उत्तर आलं:

“पाणी पुरलं ना रे?”