पवनार ते दिल्ली

वर्ध्याच्या माणसाला विमान पकडायचं तर आधी नागपूर गाठावं लागतं. पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी मागं टाकत गाडी सोनेगावच्या विमानतळावर पोचते. तिथून दिल्ली हवाईमार्गे सुमारे साडेआठशे किलोमीटर. विमान पावणेदोन तासांत उतरतं आणि सकाळी घरून निघालेला माणूस दुपारचं जेवण दिल्लीत घेतो.

याच वाटेवर, वर्धा सोडताच, पवनारला धाम नदी लागते आणि काठावर विनोबा भाव्यांचा परमधाम आश्रम दिसतो. १९५१ साली पंडित नेहरूंनी विनोबांना नियोजन आयोगाशी चर्चा करायला दिल्लीला बोलावलं. विनोबा म्हणाले, येतो, पण पायी. वयाची छप्पन्न वर्षं आदल्याच दिवशी पूर्ण झालेली, पोटाचं दुखणं जुनं. १२ सप्टेंबरला त्यांनी पवनार सोडलं आणि १३ नोव्हेंबरला ते राजघाटावर पोचले.

विमानांची तेव्हा वानवा होती असंही नाही. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची टपालविमानं रोज मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाची पत्रं एका रात्रीत इकडची तिकडे होत होती. त्या काळात विनोबांनी दिल्लीला दोन महिने दिले. पहाटे अंधारात निघायचं, पुढच्या गावी उतरायचं, लोकांचं ऐकायचं आणि भूमिहीनांसाठी जमीन मागायची. २ ऑक्टोबरला सागरला त्यांनी पाच कोटी एकरांची मागणी देशापुढं ठेवली. आयोगासमोर बसले तेव्हा मधला सगळा मुलूख त्यांनी गावागावांतून ऐकलेला होता.

सप्टेंबरात नागपूरहून उडताना खिडकीतून बघावं. खाली सगळं हिरवंगार दिसतं. त्या हिरव्यात पऱ्हाटी किती, सोयाबीन किती, काही उमगत नाही. पऱ्हाटीवरची डोमकळी, म्हणजे अळी शिरलेलं मिटलेलं फूल, तर धुऱ्यावर उभं राहूनही दिसत नाही. वावरात शिरावं लागतं, झाडाशी वाकावं लागतं. पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेलं फूल बोटांनी उकलावं, तेव्हा आत गुलाबी बोंडअळी सापडते. शेतकऱ्याचं वर्ष त्या फुलात अडकलेलं असतं आणि ते बघायला जमिनीवर, पायी, सावकाश जावं लागतं.

विमानाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. आमच्या जिल्ह्यातली पोरं पुण्या-बंगळुरूला आहेत, अमेरिकेत आहेत. आई दवाखान्यात असते तेव्हा लेकाला दारात उभं करणारं तेच विमान असतं. अशा वेळी एकेक तास मोलाचा. पण कामाच्या, धोरणाच्या, पाहणीच्या प्रवासात वाचवलेले तास जातात कुठं? बहुतेक वेळा पुढच्या बैठकीत, पुढच्या विमानात. ज्यांच्यासाठी प्रवास केला, त्यांच्या वाट्याला त्यातलं क्वचितच काही येतं.

म्हणून कापसाचं, पाण्याचं, कर्जाचं धोरण आखणाऱ्यांना एकच विनंती आहे. विदर्भात विमानानंच या, वेळ वाचवा. मात्र त्या वाचलेल्या वेळातला एक अख्खा दिवस सेलू-देवळीच्या वावरांतून पायी फिरा आणि मगच निर्णय घ्या.